शारदा, इयत्ता अकरावी

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात दर दोन-चार वर्षांनी एक नवी शारदा तयार होते. बारशाला ठेवलेलं तिचं नाव वेगळंच असतं. पण एखाद्या हौशी संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी ‘संगीत शारदा’ बसवायला घेतलं आणि नायिका म्हणून हिची निवड झाली, की ते नाव फक्त कॉलेजच्या हजेरीपटावर उरतं. किराणा दुकानदारापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे तिला ‘काय शारदाबाई, पाठांतर कुठवर आलं?’ असंच विचारतात. वय सोळा, इयत्ता अकरावी, शाखा विज्ञान. गळा कितीही गोड असला तरी शाखा विज्ञानच लागते, असा आपल्याकडचा दंडक आहे.

नाटक या मुलखाला नवं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, आणि ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीला खेटून असलेल्या हरिपूरचे. त्यामुळे इथल्या प्रत्येक संस्थेला देवल आपल्या घरचे वाटतात आणि प्रत्येक अध्यक्षाला नाटकातलं कळतं.

मुलीच्या गळ्याबद्दल मात्र दुमत नसतं. चिमुरडी होती तेव्हापासून ती बाईंकडे शिकतेय. मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा झाल्यात. गणपतीतल्या गाण्याच्या स्पर्धांची स्मृतिचिन्हं शोकेसमध्ये मावेनात म्हणून टीव्ही भिंतीवर टांगावा लागलाय. निवडीच्या दिवशी सात-आठ मुली येतात. एखादीला गाता येतं, पण संवाद म्हणायला लागली की ती बातम्या देतेय असं वाटतं. दुसरीला बोलता येतं, पण ताल चपलांबरोबर बाहेरच राहिलेला असतो. मग ही उभी राहते, काळी चार मागते आणि एक पद म्हणते. ऑर्गनवाले काका एरवी वाजवताना कुणाकडे बघत नाहीत. हिच्या पहिल्या अंतऱ्याला ते मान वर करून दिग्दर्शकाकडे बघतात. झाली निवड. पुढची चर्चा चहा येईपर्यंत चालते, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून हिच्या गळ्याची मालकी गावाकडे जाते. पाणीपुरीचा गाडीवालाच तिला परत पाठवतो. ‘तालीम चालू आहे ना? मग तिखट नको, आईस्नी सांगीन.’ शेजारच्या काकू ज्येष्ठमध आणून देतात, वरच्या मजल्यावरचे आजोबा खडीसाखर. मे महिन्यात, सांगलीच्या उन्हात, ही गळ्याला मफलर गुंडाळून हिंडते. आइस्क्रीमच्या दुकानावरून जाताना आई तिच्या डोळ्यांकडे बघतात. डोळे तिकडे वळले तरी घसा बसतो, अशी त्यांची समजूत.

पहाटे साडेपाचला रियाज सुरू होतो. तंबोरे करणाऱ्या कारागिरांसाठी मिरज देशभर प्रसिद्ध, आणि मिरजेतलीच ही पोर गाते ती मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर. मध्येच क्लासच्या ग्रुपवर ‘आज केमिस्ट्रीची टेस्ट आहे’ असा मेसेज येतो आणि षड्जातून ‘टिंग’ निघतो. सोसायटीतल्या लोकांना आताशा त्या टिंगसकट सगळी पदं पाठ झालीत. वॉचमन तर सम बरोबर घेतो.

आईंचं रूपांतर याहून झपाट्यानं होतं. आठवड्याभरात त्या कंपनीच्या मालकीणबाई होतात. ‘हिचा प्रयोग आहे’ असं त्या म्हणत नाहीत. ‘आमचा प्रयोग आहे’ म्हणतात. नऊवारी कुठली, गंगावन किती लांब, खोपा कोण घालणार, नथ खोटी चालेल का, हे सगळं दिग्दर्शकाच्या आधी त्यांचं ठरलेलं असतं. वडिलांकडे स्कूटर, पाण्याची बाटली आणि वर्गणी ही तीन खाती. तालीम संपेपर्यंत ते दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतात. मुलीनं नुसतं वळून बघितलं तरी ते बाटली घेऊन उभे राहतात.

अडचण येते ती इथेच. गाणं हिला येतं. घाबरायला येत नाही. ‘शारदा’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कांचनभट पैशाच्या लोभानं आपली कोवळी पोर पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो आणि वधूवर सगोत्र निघाल्यानं ऐन वेळी लग्न मोडतं. दिग्दर्शक सांगतात, ‘अगं, बापासमोर उभी आहेस. थोडी थरथर दिसली पाहिजे.’ ती प्रयत्न करते. पण बापासमोर थरथरायचं म्हणजे काय, हे तिनं कुठे बघितलेलंच नसतं. तिच्या घरात या खात्याचं काम वडिलांकडे आहे.

बैठ्या तालमी संपून उभ्या तालमी सुरू झाल्या, की ती प्रश्न विचारू लागते.

‘सर, पण शारदा चाइल्डलाइनला फोन का नाही करत? १०९८.’

सगळी तालीम थांबते. कांचनभट झालेले शिक्षक चष्मा पुसतात. भुजंगनाथ झालेले निवृत्त बँक मॅनेजर विचार करून म्हणतात, ‘मुद्दा बिनतोड आहे. पण मग नाटक पहिल्या अंकातच संपेल, आणि मला फेटा बांधायलाही मिळणार नाही.’

तिचा दुसरा प्रश्न याहून अवघड असतो. ‘आणि सर, गोत्र वेगळं निघालं असतं, तर लग्न झालंच असतं?’ यावर दिग्दर्शक चहाची सुट्टी जाहीर करतात.

शेवटी एका संध्याकाळी दिग्दर्शक कंटाळून म्हणतात, ‘लग्न सोड. असं समज की उद्या नीटचा निकाल आहे, आणि घरी सगळ्यांनी तुला डॉक्टर करायचं ठरवूनच टाकलंय. तुला कुणी विचारलेलं नाही.’

मग जी शारदा उभी राहते ती बघून प्रॉम्प्टर पुस्तकातलं पान हरवतो. आवाज आपसूक खाली येतो, हात पदराशी जातात, डोळे भरतात आणि पद असं निघतं की तबलजी ठेका धरायला क्षणभर विसरतात. म्हाताऱ्या नवऱ्याची भीती या मुलीला कळणं कठीण. पण आपल्याला न विचारता मोठी माणसं आपलं पुढचं परस्पर ठरवतात, हे तिला चांगलंच ठाऊक असतं. दाराशी बसलेले वडील बाटलीचं झाकण नुसतंच उघडत आणि लावत राहतात.

या वयात नायिका होणं ही आपल्या संगीत रंगभूमीला नवलाची गोष्ट कधीच नव्हती. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली याच मिरजेत किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा सतरा वर्षांचे होते. केशवराव भोसल्यांनी ‘शारदा’ गाजवली ती पोरवयात. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत आले ते चौदाच्या आसपास. फरक इतकाच की तेव्हा नायिका मुलगे होते आणि त्यांना ‘आधी बारावी कर, मग बघू’ असं सांगायला कुणी नव्हतं. योगायोग असा की ज्या १९०५ साली मिरजेत राजहंसांची शकुंतला झाली, त्याच साली मिरजेतच हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला. बायकांनी बायकांच्या भूमिका करण्याची वाट पुढे ज्यांनी रुळवली, त्यांत हिराबाईंचं नाव अग्रभागी आहे. आपल्या शारदेला हे सगळं गाण्याच्या बाईंनी सांगितलेलं असतं. तिनं ते लक्षपूर्वक ऐकलेलंही असतं, कारण तेवढा वेळ कुणी तिला अभ्यासाचं विचारत नाही.

प्रयोगाचा आठवडा उजाडतो आणि पासांची मागणी सुरू होते. ज्यांनी ज्येष्ठमध दिलेला असतो त्यांना चार पास हवे असतात. खडीसाखरवाल्यांना दोन. ज्यांनी काहीच दिलेलं नसतं ते म्हणतात, ‘आम्हाला काय, मागेसुद्धा चालेल.’ तिकीट काढतो म्हणणारा माणूस एखादाच निघतो. बुकिंगच्या खिडकीतला कार्यकर्ता त्याच्याकडे संशयानं बघतो.

पडदा उघडण्याआधी अध्यक्षांचं भाषण होतं. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणत ते तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. अध्यक्षांच्या भाषणात मात्र तो दर खेपेला देवलांच्या नाटकावरून येतो आणि टाळ्याही पडतात. ग्रीन रूममध्ये आई खोप्याला शेवटची पिन लावत असतात. वडील माइकची बॅटरी तिसऱ्यांदा तपासतात. सगळे घामाघूम. एकटी शारदा भिंतीला टेकून डोळे मिटून स्वर धरत असते. तिसरी घंटा होते, नांदी सुरू होते.

पहिल्याच पदाला ‘वन्स मोअर’ येतो. तो मामांचा असतो आणि पद संपायच्या आत आलेला असतो. प्रेक्षक हसतात. नवशिकी असती तर गडबडली असती. ही ऑर्गनवाल्या काकांकडे बघते आणि पद पुन्हा घेते. पण पहिलंच परत गात नाही; वेगळ्या जागेवरून उचलते, एक हरकत अशी घेते की हसू जागच्या जागी विरतं आणि समेवर अख्खं थिएटर येतं. आता खरा वन्स मोअर येतो, मामांशिवाय.

तिसऱ्या रांगेत एक दर्दी आजोबा ठरलेले असतात. त्यांनी छोटा गंधर्वांना समोर बसून ऐकलेलं असतं, आणि त्यानंतर गायलेल्या प्रत्येकाचं वर्णन ते एकाच वाक्यात करतात, ‘गाते छान, पण...’ मध्यंतरात लोक त्यांच्याभोवती जमतात. आजोबा म्हणतात, ‘गाते छान.’ लोक पुढच्या शब्दाची वाट बघतात. तो येत नाही. त्या रात्रीचं खरं पदक हेच. संस्थेच्या आवारात ही बातमी वडापावच्या आधी पोचते.

नंतर व्हायचं ते होतं. स्थानिक वृत्तपत्रात फोटो येतो. ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडतात. स्पर्धेत गायनाचं बक्षीस मिळतं. अध्यक्ष शाल देतात आणि ‘मराठी संगीत रंगभूमीचं भवितव्य सुरक्षित हातात आहे’ असं म्हणतात. त्या भवितव्याला घरी नेताना आई वाटेत सांगतात, ‘हौस झाली हं आता. पुढच्या वर्षी बारावी आहे.’ ज्येष्ठमधवाल्या काकू दुजोरा देतात, खडीसाखरवाले आजोबाही. दोन महिने जो गळा गावाच्या मालकीचा होता, तो एका रात्रीत तिला परत मिळतो, आणि त्याचं काय करायचं ते मात्र पुन्हा बाकीचेच ठरवतात.

संस्थेला याची सवय आहे. शारदा दर दोन-चार वर्षांनी नवी शोधावी लागते; भुजंगनाथ वर्षानुवर्षं तोच असतो. जुनी शारदा पुण्यात नोकरी करते, तिच्या आधीची बंगळुरात. दोघी गणपतीला गावी आल्या की आरतीत त्यांचा आवाज ओळखू येतो.

देवलांनी हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आणलं. सव्वाशे वर्षांत कायदा झाला, वय वाढलं, जरठ वर केवळ नाटकात उरला. मुलीला न विचारता मुलीचं ठरवण्याची हौस मात्र अजून पुरती गेलेली नाही. ती आता प्रेमानं, काळजीनं आणि क्लासची फी भरून पुरवली जाते.

म्हणून वाचकहो, तुमच्या गल्लीत अशी एखादी शारदा निघाली तर तिला खडीसाखर देऊ नका, तिच्याकडे पुरेशी आहे. पास मागू नका, तिकीट काढा. एका प्रयोगाचे दोन प्रयोग झाले तर तेच तिचं खरं शिक्षण. आणि प्रयोगानंतर ‘मग आता पुढे काय?’ हा प्रश्न तोंडात आलाच, तर तो तिच्या आईला विचारू नका. तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.