पैसे भरून दमणारी माणसं

ऐकलंत का? आमच्या बी विंगमधल्या वहिनी पहाटे साडेचारला घराबाहेर पडतात. एकट्या! रविवारी तर थेट उजाडल्यावर परततात, चेहरा लालबुंद, टी-शर्टवर मिठाचे पांढरे डाग. वॉचमनने आधी भलताच संशय घेतला होता. खरं कळल्यावर तो जास्तच हादरला. वहिनींनी मुंबई मॅरेथॉनला नाव घातलंय म्हणे!

बरं, त्या एकट्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. २००४ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा आपण गॅलरीत चहा पीत गंमत बघत होतो. आता गॅलरीतली माणसंच खाली रस्त्यावर उतरलीत. साताऱ्याच्या शर्यतीचं तर विचारूच नका. यवतेश्वरच्या घाटात आपली गाडी कुरकुरते, तो घाट हे लोक पळत चढतात. आणि त्यासाठी फी भरतात! आपल्याकडे दमायचे पैसे मिळायचे, ही नवीनच रीत निघाली.

बोलणं ऐका यांचं. परवा एका मुंजीत जिलबीचं ताट पुढे असताना एक गृहस्थ दुसऱ्याला विचारतात, "तुमचा पेस काय?" पगार विचारायला माणूस लाजतो, पेस विचारायला नाही. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं. समोरच्याने आठ सांगितली, तरी तोंड लपवलं नाही! कारण नवख्याने हळूच पळायचं, असं यांचे कोचच बजावतात. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, ही म्हणे कसोटी. वहिनींची प्रगती इतकी झपाट्याने कशी झाली, हे आत्ता कळलं.

पुढचं ऐका. पळायच्या शर्यतीत हे लोक चक्क चालतात. दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल. जेफ गॅलोवे नावाच्या अमेरिकन ऑलिंपिक धावपटूने या चालण्याला पद्धतीचा दर्जाच देऊन टाकला, त्यामुळे आता हसायचीही सोय नाही. आठवड्याला तीन-चार दिवस पळायचं, त्यातला एक दिवस लांबचा. आधी ५ किलोमीटर, मग १०, मग २१. आठवड्याचं अंतर वाढवायचं तेही दहाएक टक्क्यांनीच. आमच्या सेक्रेटरींनी हा हिशेब मानला नाही, दोन आठवडे नडगी शेकत बसले.

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हे वरचे १९५ मीटर कुठून आले माहितेय? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोरपर्यंत नेली. तेवढं अंतर भरलं आणि १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. साहेब गेला, पण त्याच्या बैठकीच्या सोयीने आखलेलं अंतर आपली माणसं अजून धापा टाकत पळतायत!

शरीराचे हाल तर चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत, म्हणूनच सांगते. अंगठ्याची नखं काळी पडून गळतात. ही मंडळी ती अभिमानाने दाखवतात. काखेत, मांडीला व्हॅसलीन चोपडतात, नाहीतर घासून सोलवटतं. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे अंगातला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय ऐकेनासे होतात. याला ते 'भिंत' म्हणतात. मुंबईत या भिंतीनंतर पेडर रोडची चढण ठेवलीय! ही भिंत लांबावी म्हणून आदल्या दोन दिवसांत भात-बटाटा दाबून खायचा. चारचौघी डाएटच्या नावाने भाताकडे बघत नाहीत आणि वहिनींचं दुसरं वाढप चालू. पाणीही मन मानेल तसं ढोसायचं नाही. फार प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून जिवावर बेततं. चाळिशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. यात मात्र चेष्टा नाही.

आणि बूट! एका जोडाच्या किमतीत आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो. बूट पायाला बसणारा हवा, बोटांपुढे थोडी जागा सोडणारा हवा, आणि शर्यतीच्या दिवशी कोरा नको. एवढंच खरं, बाकी दुकानदाराची कीर्तनं. बारामतीच्या लता करे २०१३ मध्ये नवऱ्याच्या उपचारांचे पैसे उभे करायला नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. तिथे मात्र माझी जीभ थांबते.

तुम्हालाही वारं लागलंच असेल तर आधी मुंबई मॅरेथॉनमधल्याच सहाएक किलोमीटरच्या ड्रीम रनला नाव घाला. तिथे चाललं तरी कुणी बघत नाही. आणि लागलं नसेल, तर जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सकाळी दक्षिण मुंबईत गाडी नेऊ नका. रस्ते बंद असतात.