पराभवाची चांदी

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि ब्रिटिश लष्कराच्या सैनिकांसाठी 1851 मध्ये मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे रौप्यपदक म्हणजे वरातीमागून घोड्याचा सरकारी नमुना होय. ते ज्या लढायांसाठी होते, त्यांपैकी मराठ्यांच्या पराभवाची असईची लढाई 1803 ची, खडकीची 1817 ची. आणि पदक हयात असलेल्यांनाच द्यावयाचे ठरल्यामुळे ते बहुधा अशा वृद्धांच्या छातीवर चढले, ज्यांना तलवारीपेक्षा काठीचा आधार अधिक वाटत होता. खुद्द असईचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन हाही तेव्हा ऐंशी ओलांडलेला होता. पदकाच्या मागील बाजूस विल्यम वायन या शिल्पकाराने विजयदेवता दाखवली आहे ती झाडाशेजारी निवांत बसलेली, आणि एकंदर दिरंगाई पाहता तिला उभे ठेवणे अन्यायाचेच झाले असते.

फितीवर लढाईच्या नावाची जी आडवी पट्टी बसवतात तिला क्लास्प म्हणतात, आणि संग्राहकाचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. असई, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर ही नावे मराठी माणसाने शाळेत मान खाली घालून वाचलेली असतात. लिलावाच्या यादीत तीच वाचताना मात्र त्याचे डोळे लकाकतात. त्यातही ‘खडकी’, ‘पुणे’ आणि ‘खडकी व पुणे’ अशा तीन स्वतंत्र पट्ट्या असून नुसत्या ‘खडकी’ची पट्टी अतिशय दुर्मीळ असल्याने, खडकीस लढूनही पुण्याच्या लढाईत नसलेला सैनिक संग्राहकाला अधिक मोलाचा वाटतो. पुणेकरांना हा हिशेब कितपत मानवेल, हा प्रश्न येथे बाजूला ठेवणे श्रेयस्कर.

पदकाच्या कडेवर सैनिकाचे नाव उमटवलेले असते. मूळ नाव घासून दुसरे घातले असल्यास कड किंचित झिजते. म्हणून जाणकार मनुष्य विजयदेवतेकडे ढुंकूनही न पाहता, एका डोळ्याला भिंग लावून, सुमारे 36 मिलिमीटरचा व्यास कॅलिपरने मोजत बसतो आणि केसभर तूट आढळताच एखाद्या शूर शिपायाला तोतया ठरवून मोकळा होतो.

तथापि संग्रहाला खरा धोका तोतयांपासून नसून दिवाळीपासून असतो. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेल्या काळसर छटेला, म्हणजे पॅटिनाला, संग्राहक अस्सलपणाचे लक्षण मानतात, तर घरातील जाणती मंडळी तिला मळ मानतात. परिणामी निरांजनाबरोबर पदकही लख्ख घासले जाते, त्याची किंमत एका सकाळीत उतरते आणि त्यानंतर घरात झालेल्या लढाईची पट्टी कोणत्याही सरकारने अद्याप काढलेली नाही.