सभासद नावाचा क्लास

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब वहीतून वेबवर आणायचा ठरला, की बटणाचा रंग कोणता असावा यावर मत द्यायला अख्खी कमिटी हजर असते. मॉडेलकडे, म्हणजे कोणती माहिती कशी साठवायची याच्या आराखड्याकडे, मात्र कुणी फिरकत नाही. खरे तंटे दबा धरून बसलेले असतात ते तिथेच.

तसं मॉडेल जन्माला घालणं अगदी सोपं. रूबी ऑन रेल्स या वेब-फ्रेमवर्कमध्ये एक आज्ञा दिली की मेंबर नावाचा क्लास हजर, सोबत डेटाबेसात त्याचं टेबल तयार करणारी मायग्रेशन फाइलही. क्लास एकवचनी, टेबल अनेकवचनी. क्लासला पर्सन म्हटलं तर रेल्स आपण होऊन टेबलाला पीपल म्हणतं. इंग्रजीचे मास्तर खूश झाले असते. पण सभासद म्हणजे नक्की कोण, हे काही रेल्स सांगत नाही.

फ्लॅट काकांच्या नावावर, राहतो भाडेकरू, पैसे भरतो न्यू जर्सीतला मुलगा आणि सभेत भांडायला येतात त्याचे सासरे. वहीत हे सगळं एका ओळीत मावतं, कारण समासात पेन्सिलीने काहीही खरडता येतं. मॉडेलला समास नसतो. सभासदाच्या क्लासात फ्लॅटसाठी 'बिलाँग्ज टू' लिहिलं की एका सभासदाला एकच फ्लॅट, आणि रेल्स ५ पासून तोही सक्तीचा. मग जोशीकाकूंचे दोन फ्लॅट आणि पाटील बंधूंचा दोघांत एक, यांचं काय करायचं? शेवटी 'मालकी' असा तिसराच क्लास काढावा लागतो. कोणाचा, कोणता, किती हिस्सा, केव्हापासून. वर्षानुवर्षं वाद चाललेत ते याच गोष्टीवर, पण वहीत तिला स्वतःचा रकाना कधी मिळाला नव्हता.

फोन नंबराला आकडा समजून इंटिजर ठरवलं, तर पुण्याच्या ०२० मधलं पहिलं शून्य गळतं. ज्याची कधी बेरीज करायची नाही, त्याला स्ट्रिंग म्हणावं हे बरं.

नावाचं तर विचारूच नका. स्वतःचं, मधलं आणि आडनाव असे तीन कॉलम मराठी माणसाला पुरतील असं वाटायचं. पण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव आलं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. म्हणजे चौथा कॉलम, नवी मायग्रेशन. तो सक्तीचा केला, तर ऐंशीच्या घरातल्या आजोबांचा फॉर्मच पुढे सरकत नाही.

रेल्समधलं हे मॉडेल ज्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर मांडणीतून आलं, ती १९७९ साली पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात सुचली ट्रिग्वे रीन्स्काउग या नॉर्वेच्या पाहुण्याला. आधी जहाजबांधणीचं सॉफ्टवेअर केलेला माणूस! वापरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आणि यंत्रातलं चित्र जुळावं, एवढीच त्याची अपेक्षा. मे महिन्यातल्या त्याच्या पहिल्या टिपणाच्या नावात मॉडेलच्याही आधी 'थिंग' होतं, म्हणजे खरीखुरी वस्तू. डिसेंबरपर्यंत ते नावातून गेलं. आमची सोसायटी बघितली असती, तर त्याने ते काढलं नसतं असं मला वाटतं.

तर, मालकीचा क्लास झाला, आईच्या नावाचा कॉलम ऐच्छिक ठेवला, आणि सगळं कमिटीपुढे मांडलं. सेक्रेटरी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"बाकी छान आहे हो," ते म्हणाले, "पण थकबाकीदारांची नावं लाल रंगात येतील ना?"