आधी बीपी मोजा, मग बाटली विका

गरोदर बाईच्या पिशवीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी हवीच, कॅल्शियमही हवं. त्यावर कुणी बोट ठेवत नाही. बोट ठेवायचं ते त्यांच्या शेजारी येऊन बसलेल्या महागड्या बाटलीवर. तिच्यात क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व किंवा लायकोपीन असतं आणि नाव असतं अँटिऑक्सिडंट. ही कशाला, असं विचारलं की सांगतात, "बीपी वाढू नये म्हणून." या उत्तराला आधार नाही. तो 2006 सालीच ढासळला, आणि 2010 नंतर वाद घालण्यापुरतंही काही उरलं नाही.

पोटात बाळ असताना वीस आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जातो आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, तेव्हा डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. तो बळावून झटके आले की आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेततं. जगभरात बाळंतपणाशी निगडित मृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाखालोखाल रक्तदाबाचेच विकार येतात. एवढ्या गंभीर आजारावर कुणी निरुपयोगी गोष्ट विकत असेल, तर गप्प बसता येत नाही.

मूळ कल्पना मूर्खपणाची नव्हती, हे कबूल. वार नीट रुजली नाही, गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, की वारेला रक्त कमी पडतं. मग तिथून निघणारी द्रव्यं आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात. या बिघाडात ऑक्सिडेशनचा हात असतो, म्हणून अँटिऑक्सिडंट देऊन पाहावं, असा विचार पुढे आला. 1999 साली लंडनमध्ये जोखमीच्या 283 गरोदर बायकांवर चाचणी झाली. त्यातल्या निम्म्या जणींना रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 युनिट ई दिलं. न घेणाऱ्यांपैकी 17 टक्के बायकांना प्री-एक्लॅम्पसिया झाला, घेणाऱ्यांपैकी 8 टक्क्यांना. 'लॅन्सेट'मध्ये हे आकडे छापून आले आणि जगभर आशा पसरली. त्या चाचणीत मुख्य मोजमाप रक्तातल्या काही घटकांचं होतं, आजाराचं नव्हतं, इकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता ज्यांनी ही आशा लावली, त्यांचं कौतुक करायला हवं. 1999 च्या चमूतल्याच ल्युसिला पोस्टन यांनी मोठी चाचणी हाती घेतली: ब्रिटनमधली 25 रुग्णालयं, 2400 हून अधिक बायका. 2006 साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत 15 टक्के, न घेणाऱ्यांत 16 टक्के, म्हणजे फरक नाहीच. उलट गोळी घेणाऱ्यांची बाळं कमी वजनाची जन्मण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात 1877 पहिलटकरणींची चाचणी झाली. तिथेही फायदा दिसला नाही, आणि रक्तदाबासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागणाऱ्या बायका गोळीच्या गटात अधिक निघाल्या. 2010 साली अमेरिकेत दहा हजारांवर पहिलटकरणींवर हाच प्रयोग झाला. त्याचं नेतृत्व होतं जेम्स रॉबर्ट्स यांच्याकडे, म्हणजे हा सिद्धांत मांडण्यात ज्यांचं स्वतःचं आयुष्य गेलं त्यांच्याकडे. त्यांच्याच हातून आपल्या कल्पनेविरुद्ध निकाल आला, आणि त्यांनी तो जसाच्या तसा छापला. बाटली विकणाऱ्यांनी यातलं पहिलं पान तेवढं फाडून घेतलं आणि उरलेलं पुस्तक टाकून दिलं.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो: त्या गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी बायका, त्यांना फायदा होईलच कसा? आमच्याकडे कुपोषण आहे, आमच्याकडे होईल. हा प्रश्न रास्त होता आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो गंभीरपणे घेतला. ज्या भागांत बायकांना पोषण कमी मिळतं, असेच भाग मुद्दाम निवडले: पेरूमधली लिमा आणि त्रुहियो ही शहरं, दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन, व्हिएतनाममधलं हो ची मिन्ह सिटी आणि आपलं नागपूर. या चाचणीत 1365 बायका होत्या. 2009 साली निकाल आला तो तोच, फायदा नाही. विदर्भातल्या लेकीसुनांनी स्वतःवर प्रयोग करू दिले, त्यातून मिळालेलं हे उत्तर आहे. त्यानंतरही महाराष्ट्रातल्याच एखाद्या सुनेला ही बाटली "बीपीसाठी" म्हणून दिली जात असेल, तर तो त्या नागपूरच्या बायकांचा अपमान आहे.

लायकोपीनचंही तेच. 2003 साली 251 पहिलटकरणींवरच्या भारतीय अभ्यासात आजार निम्म्यावर आला, असं दिसलं. 2009 च्या अभ्यासात फायदा गायब झाला आणि कमी वजनाची बाळं वाढली.

2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट लिहिलं: प्री-एक्लॅम्पसिया टाळण्यासाठी क आणि ई जीवनसत्त्वं देऊ नयेत. पेरू, आवळा, लिंबू खुशाल खा. 1000 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे गरोदर बाईच्या रोजच्या गरजेच्या दहापटीहून अधिक, तिची गोष्ट वेगळी.

मग उपयोग कशाचा होतो? कॅल्शियमचा, कारण आपल्या जेवणात ते कमी असतं. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात, लोहाच्या गोळीसोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यायच्या. ज्यांना आधीच्या बाळंतपणात हा त्रास झाला, जुळी आहेत, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन लवकर सुरू करता येतं. 2017 च्या एका मोठ्या चाचणीत लवकर उद्भवणारा, मुदतीआधी बाळंत करायला लावणारा प्री-एक्लॅम्पसिया अ‍ॅस्पिरिनमुळे 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आला. मात्र हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि आजार तीव्र झालाच, तर मॅग्नेशियम सल्फेट: 2002 साली 33 देशांतल्या दहा हजार बायकांच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. ही तिन्ही औषधं स्वस्त आहेत.

पण सगळ्यांच्या आधी लागतो तो बीपीचा पट्टा. प्रत्येक तपासणीला दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला गेला का, लघवी तपासली गेली का, आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहिले गेले का, हे पाहायला पदवी लागत नाही. नवऱ्याने पाहावं, सासूने पाहावं, आशाताईला विचारावं. बाटलीवर खर्च होणारे पैसे उरले तर तेच जवळच्या दवाखान्यापर्यंतच्या गाडीभाड्याला लावावेत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

आणि डोकं सतत ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बरगड्यांखाली दुखत असेल, तोंड आणि हात अचानक सुजले असतील, तर उद्याची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा आणि निघा.