किल्ली कुणाच्या कनवटीला?

“अगं, झोपलीस की काय? ये जरा कुंपणाशी. काल वाचनालयाच्या वार्षिक सभेत काय झालं, कळलं का तुला?”

काकूंनी हाक मारली आणि मी ओले हात पदराला पुसत गेलेच. सभेत काहीतरी झालंय, एवढं दूधवाल्याने सकाळीच सांगितलं होतं. पण कार्यवाहांच्या घरातून येणाऱ्या बातमीची चव वेगळी.

“काय झालं हो?”

“तुझ्या काकांनी राजीनामा दिला.”

“अगोबाई! याही वर्षी?”

“याही वर्षी. पण या खेपेला मंजूर झाला!”

मी कुंपणाची तार धरली. दर सभेला काका उभे राहतात, “आता वय झालं, मोकळं करा” म्हणतात. मग अध्यक्ष भाऊ उठून “तुमच्यावाचून संस्था पोरकी होईल” म्हणतात, टाळ्या होतात, चहा येतो आणि काका पुन्हा कार्यवाह. गावात हे सगळ्यांना पाठ आहे.

“मग काल भाऊ उठले नाहीत?”

“उठत होते गं. गुडघे धरून उठेपर्यंत ती मुलगी उभी राहिली. ‘काका इतकी वर्षं विनंती करताहेत, यंदा आपण त्यांच्या शब्दाचा मान ठेवू या’ म्हणाली. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. भाऊ अर्धे उठलेले तसेच खाली बसले.”

“कोण ती? स्कूटीवाली?”

“तीच. कॉलेजच्या एन.एस.एस.मधून आलेली.”

“आगाऊच म्हणायची! आणि काका?”

“काय बोलणार? मागितलं तेच मिळालं. रात्री नुसता ताकभात खाऊन निजले. मलाही रागच आला होता तिचा. पण सगळं आठवून पाहिलं, तर पोरीचं काही चुकलं नाही गं.”

“पण काकू, या मुलांचं काय खरं? आज आहेत, उद्या पुण्याला. वेळ तरी कुठे असतो त्यांना? मोबाइलमधून मान वर काढतील तर ना.”

“ते तू मला सांगू नकोस. एन.एस.एस. १९६९ सालापासून आहे, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षातली योजना. दोन वर्षांत २४० तास सेवा करायची. आपल्याकडे दर वर्षी मुलं येतात, तास भरतात, प्रमाणपत्र घेतात आणि जातात. आपण त्यांना देतो काय? सतरंज्या घाला, हार आणा, पाहुण्यांना पाणी द्या. अशा कामासाठी कोण थांबेल? हिला मात्र ग्रंथपालबाईंनी पहिल्याच आठवड्यात बालविभागाची कपाटं दिली आणि ‘तुला हवी तशी लाव’ म्हणाल्या. हिने खालचे दोन कप्पे पोरांच्या हाताला येतील असे लावले. दर शनिवारी गोष्ट वाचून दाखवायला लागली. तास कधीच भरले, पण ही राहिली. माणूस कष्टाला कंटाळत नाही गं, नुसत्या हुकुमाला कंटाळतो.”

हे मला पटलं, पण लगेच कशाला कबूल करा! मी म्हटलं, “तरी पण एवढ्या जुन्या माणसाला असं भर सभेत…”

“आधी कंपनीची गोष्ट ऐक.” काकूंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचे साहेब आले होते ना दिवाळीनंतर? मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातच आहे ते. कशावर खर्च करायचा त्याची यादी सातव्या परिशिष्टात दिलीय आणि तीत सार्वजनिक वाचनालयं असं चक्क लिहिलंय. साहेब म्हणाले, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका बांधून देतो, कागदपत्रं द्या. ऑडिट, ऐंशी-जी, शिवाय २०२१ पासून तो सीएसआर-१ नावाचा फॉर्म लागतो, त्याची नोंदणी. आणि विश्वस्तांची यादी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असेल ती.”

“मग?”

“यादी आली. तीत दोघे असे, की ज्यांचं वर्षश्राद्धसुद्धा होऊन गेलंय!”

“म्हणजे वाचनालय दोन स्वर्गवासी चालवत होते?”

“आणि एक मुंबईवासी. ते घर विकून गेले, त्यांनाही ठाऊक नाही आपण अजून विश्वस्त आहोत म्हणून. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. आमच्याकडे दर सभेत ठराव व्हायचा, इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिला जायचा, पुढे काही नाही. ‘करू, करू’ म्हणत ह्यांनी फाइल लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला. साहेब म्हणाले, पैसे तयार आहेत, पण द्यायचे कुणाला?”

मी हसू आवरलं. काकू मात्र हसल्या नाहीत.

“तेव्हा मला कळलं बघ. आपण जन्मभर ऐकत आलो की संस्था पैशावाचून बंद पडतात. पैसा दारात उभा होता आणि आत घ्यायला सही करणारा जिवंत माणूस नव्हता. ती पोरगी जिल्ह्याला खेपा घालून आली, वकिलाला भेटली, उशीर माफ करा म्हणून अर्ज केला, मृत्यूचे दाखले त्यांच्या त्यांच्या घरून मागून आणले. हे सगळं ती कुठल्या पदावर होती म्हणून? कुठल्याच नाही.”

“पण काकू, कंपनीचा पैसा घ्यायचा म्हणजे मिंधेपणच की. भाऊ म्हणत होते म्हणे, वाचनालय विकायला काढलंय.”

“भाऊंना राग आला तो पाटीचा. साहेबांना इमारतीवर नाव हवं होतं. हे म्हणाले, मग नकोच तुमचे पैसे. ही म्हणाली, थांबा, आपण काय देणार आणि काय घेणार ते कागदावर मांडू. बसून लिहिलंन. पाटी अभ्यासिकेच्या दारावर, इमारतीवर नाही. पुस्तकं कुठली घ्यायची ते आपली ग्रंथनिवड समिती ठरवणार, कंपनीने तोंड घालायचं नाही. हिशेब दर तीन महिन्यांनी त्यांना दाखवायचा. साहेबांनी मुकाट सही केली. त्यांनाही त्यांच्या मुख्य कचेरीला चोख हिशेब दाखवायचा असतोच की. मिंधं कोण होतं? जो न लिहिता घेतो तो. लिहून घेतलं की दोघंही बांधलेले.”

“पण कंपनी आज आहे, उद्या तिचा साहेब बदलला की हात झटकेल.”

“म्हणूनच एका खुंटीवर सगळं टांगायचं नाही. आपलं वाचनालय ब वर्गातलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळतं, पण त्यात पगार नि वीजबिल कसंबसं भागतं. अभ्यासिकेच्या टेबल-खुर्च्या कंपनीच्या. जुने रॅक आयटीआयची मुलं दुरुस्त करणार, त्यांचं प्रात्यक्षिक होतं, आपलं काम होतं. व्याख्यानमालेचा फराळ बचतगटाच्या बायका करणार, रोख पैसे घेऊन, फुकट नाही. ज्याला आपल्याकडून काही मिळतं तो टिकतो. नुसती दया आली म्हणून आलेला पाहुणा दुसऱ्या वर्षी फिरकत नाही. आणि अभ्यासिकेतल्या मुलांना निम्मी फी, पण आठवड्यातून दोन तास देवघेवीच्या खिडकीवर बसायचं.”

“ती परीक्षेची मुलं? ती कसली बसतात!”

“बसताहेत की, पाहून ये. अगं, घेणाऱ्यातूनच देणारा तयार होतो, ही काय आजची गोष्ट आहे? पार्वतीबाई आठवल्यांचं आत्मचरित्र नेलं होतंस ना तू? परत केलंस का?”

मी घाईने विषय पुढे नेला. “त्या कर्व्यांच्या मेहुणी ना?”

“त्याच. विधवा होऊन हिंगण्याच्या आश्रमात आल्या, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ त काढलेल्या. आधाराला आलेली बाई तिथलीच कार्यकर्ती झाली, गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागली, नंतर थेट अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिली. अण्णासाहेब म्हणाले असते की आश्रितांनी आश्रितासारखं राहावं, तर काय झालं असतं?”

“ते मोठे लोक, काकू. आमट्यांचं बघा, आनंदवन बाबांचं, मग मुलं, आता नातवंडं. घरातच पुढची पिढी तयार. सगळ्यांचं नशीब तसं नसतं.”

“तेच तर म्हणते! आमचा मुलगा बंगळुरात, भाऊंचा दुबईत. वारस घरातच शोधायचा म्हटलं तर वाचनालयाला कुलूप लावून किल्ली पोस्टाने पाठवावी लागेल. गडचिरोलीला बंग दांपत्याने २००६ पासून ‘निर्माण’ची शिबिरं चालवलीत, त्यांत येतात ती काय त्यांच्या नात्यातली मुलं? महाराष्ट्रभरची. आणि अंनिसचं बघ. डॉक्टर दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. ज्यांनी घातल्या त्यांना वाटलं असेल, संपलं सगळं. पण ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी इतकी वर्षं घालवली तो त्याच वर्षी डिसेंबरात झाला आणि गावोगावच्या शाखा चालूच राहिल्या. कारण माणसं आधीपासून कामाला लागलेली होती. दही संपल्यावर विरजण कुठून आणशील? ते आधीच्या भांड्यातूनच काढून ठेवावं लागतं.”

काकू एवढं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी जन्मभर वाचनालयाची पुस्तकं वाचली आहेत, काकांनी फक्त मोजली.

“मग आता काकांचं काय? सल्लागार?”

“भाऊंनी तेच सुचवलं. सल्लागार म्हणजे भिंतीवरचा फोटो, फक्त हार नसलेला. त्या पोरीने नाही म्हटलं. आज सकाळी साडेआठला वही घेऊन दारात! ‘काका, देणगीदारांची वही मला समजावून द्या. कुणाला पत्र लिहायचं, कुणाला स्वतः जाऊन भेटायचं, कुणाच्या घरी पावती-पुस्तक न्यायचंच नाही, ते सगळं.’ हे आधी घुम्म. मग म्हणाले, ‘डॉक्टरांकडे सकाळी जायचं नाही, संध्याकाळी जायचं, तेव्हा ते उदार असतात.’ ती लिहून घेतेय बघितल्यावर जे सुटले, ते दोन तास! पावसाळ्यात कुठली भिंत झिरपते, वर्गतपासणीला जिल्ह्याचे अधिकारी आले की पहिल्यांदा काय बघतात, चिपळूणच्या वाचनालयाला कुणाला पत्र लिहायचं…”

“चिपळूणला कशाला?”

“त्यांचं १८६४ चं वाचनालय. २००५ च्या पुरात पुस्तकं गेली, २०२१ मध्ये पुन्हा पाणी शिरलं. मधल्या काळात, २०१३ ला, साहित्य संमेलन भरवून दाखवलं त्यांनी. ह्यांचं म्हणणं, पुस्तकं वाळवायची कशी हे त्यांना विचारावं, आपल्याकडे नुसत्या पागोळ्या गळल्या तरी आपण हातपाय गाळतो. पोरीने हेही लिहून घेतलं. ह्यांच्या डोक्यात केवढं काय काय आहे गं, पण कागदावर एक ओळ नाही. उद्या ह्यांना काही झालं असतं तर सगळं ह्यांच्याबरोबरच गेलं असतं. आता दर गुरुवारी शिकवणी ठरलीय.”

“म्हणजे राग गेला.”

“पोहे दोनदा घेतले, त्यावरून समज.”

“आणि किल्ली? ती दिली का?”

काकूंनी घराकडे एक नजर टाकली. “एक दिली. कपाटाला दोन आहेत. दुसरी म्हणे कुठे सापडतच नाही. दुपारी सदरा धुवायला घेतला, तर आतल्या खिशात!”

“मग?”

“मग काय, स्कूटीच्या डिकीत टाकून आले, ती वाण्याकडे थांबली होती तेव्हा. आता कार्यवाह ती, चेकवर सही तिची आणि खजिनदारांची, आणि कपाटाची किल्ली ह्यांच्या सदऱ्यात, असं कसं चालेल? अधिकार अर्धा दिला की माणूस पुरता अडकतो. चुकली तर चुकू दे. ह्यांनी काय कमी चुका केल्या? एकदा दिवाळी अंकांची वर्गणी दोनदा भरली होती.”

“खरं आहे हो. नवीन माणसं पुढे यायलाच हवीत,” मी म्हटलं. आता कौतुक करायला माझं काही जात नव्हतं. “नाशिकचं वाचनालय १८४० चं, स्थापन करणाऱ्यांपैकी आज कोण आहे? पण वाचनालय आहेच ना! लोकांनी जबाबदारी घ्यायला पाहिजे. आपल्या गावात काय, बोलायला सगळे पुढे, कामाला कुणी नाही.”

“अगदी माझ्या मनातलं बोललीस,” काकू म्हणाल्या. “कार्यकारिणीत बाईमाणसाची एक जागा रिकामी होती. मुदत घालायचंही ठरलंय कालच, तीन वर्षं आणि फार तर आणखी तीन, मग बाहेर. ह्यांच्यासारखं चिकटून बसायला नको. मी एक नाव सुचवलं आणि त्या मुलीने लगेच अनुमोदन दिलं.”

“छान झालं. कुणाचं?”

“तुझं.”

“माझं? अहो काकू, मला कुठे वेळ आहे? घरचं, ह्यांचा डबा, सासूबाईंची औषधं…”

“दुपारी दीड ते साडेतीन मालिका बघतेस तेवढा पुरे. संमतीपत्रावर सही घ्यायला पोरगी संध्याकाळी येईल. पहिली बैठक शनिवारी साडेपाचला आहे. चष्मा घेऊन ये, जमाखर्च तूच वाचायचा आहेस. आणि हो, येताना पार्वतीबाईंचं पुस्तकही आण. दंड किती झालाय ते तिने बघूनच ठेवलंय.”