काकू, बसला एकदाचा गिअरबॉक्स!

"काय गं, काल रात्री तुमच्या अंगणात कसला दंगा चालला होता? मला वाटलं, भावकीत भांडणं लागली."

"भांडणंच म्हणा काकू. चारशेसातचा गिअरबॉक्स बसत नव्हता."

"अजून उघडीच का गाडी? मी म्हटलं, विकायला काढली की काय."

"विकतायत कसली! टाटा चारशेसात १९८६ साली निघाली, तेव्हापासून मामंजींच्या मनात होती. त्यांच्या हयातीत घेणं झालं नाही, यांनी घेतली. आता हे तिला सोडतात होय? झालं काय, चिपळूणहून चिरा भरून येत होती आणि कुंभार्ली घाटात बसली. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलेना, आणि जळका वास असा की मागचे गाडीवाले उतरून बघायला आले. क्लच घसरत होता. गिअरबॉक्स उतरवला तर प्लेटचं लायनिंग पार संपलेलं, रिव्हेट वर आलेले, आणि त्यांनी फ्लायव्हीलला गोल चरे पाडलेले. मग ते कराडला लेथवर नेऊन फेसिंग करून आणलं. त्यात क्रँकचं मागचं ऑइल सीलही गळत होतं. मिस्त्री म्हणाले, उघडलंच आहे तर तेही बदला, नाहीतर नव्या प्लेटवर तेल उतरेल आणि पुन्हा हाच तमाशा."

"तुला गं एवढं सगळं कसं ठाऊक?"

"बॅटरी कोण धरतं काकू? हे गाडीखाली उताणे, आणि 'इकडं नको, तिकडं मार उजेड' म्हणून खालून ओरडणार. शिकल्याशिवाय सुटका आहे का?"

"पण प्लेट तर अलीकडंच घातली होती ना?"

"हळू बोला, सासूबाई ओट्यावर आहेत, नातवाला बोललेलं त्यांना खपत नाही. आमच्या पुतण्याचा पाय, दुसरं काय! कानाला फोन आणि डावा पाय कायम क्लचवर. चढावर गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचं सोडून हाफ क्लचवर धरून ठेवतो. प्लेट झिजेल नाही तर काय होईल? मामंजी कोयनेच्या धरणाचं काम चालू असताना टाटा मर्सिडीजवर होते. तेव्हा टेल्कोचा त्या जर्मन कंपनीशी करार होता, ट्रकवर तारा असायचा. ते सांगायचे, गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागायचा, पण काम झालं की पाय लगेच बाजूला."

"अगं, पण मी उंब्रजच्या मुलीकडच्या मंडळींना सांगून बसलेय, मुलगा गाडीचं सगळं जाणतो म्हणून!"

"अर्धं जाणतो म्हणा. कालचंच बघा ना. मिस्त्री गेले लग्नाला. हा म्हणाला, मी बसवतो. आता ती क्लच प्लेट असते ना, तिला स्वतःचा एकही बोल्ट नसतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामधे ती नुसती चेपून धरलेली. म्हणून आवळायच्या आधीच तिला बरोबर मधोमध आणून ठेवायचं. एकदा प्रेशर प्लेट आवळली की ती जिथं असेल तिथंच राहणार. मग गिअरबॉक्सचा दातेरी शाफ्ट त्या प्लेटच्या दातेरी भोकातून आरपार जायला हवा, आणि त्याचं टोक पलीकडच्या पायलट बेअरिंगमधे शिरायला हवं. जात्याची वरची तळी मधल्या आसावर ठेवतो ना आपण, तसंच. फक्त इथं जातं आडवं, आणि तळी माणसाच्या छातीवर."

"बाई गं!"

"यानं मध्य धरला नुसत्या डोळ्यानं. बोल्टही एका अंगानं ओळीनं आवळत गेला. ते समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे असतात, नाहीतर प्रेशर प्लेट तिरकी बसते. मग काय, गिअरबॉक्स दोन बोटांवर येऊन अडला. जमली गल्ली. एकजण म्हणतो जॅक वर घ्या, दुसरा म्हणतो खाली घ्या. आणि कोपऱ्यावरचे भाऊजी, ज्यांनी जन्मात लुनासुद्धा चालवली नाही, ते म्हणतात, लांब बोल्ट घाला आणि आवळून ओढून घ्या! आमचे हे पाना घेऊन निघालेही होते. तेवढ्यात मिस्त्री आले, लग्नातल्या टोपीसकट. तिथूनच ओरडले, 'पाना खाली ठेवा!' बोल्टानं ओढलं असतं तर बेल हाऊसिंगचा कान तुटला असता, नाहीतर प्लेटचा मधला हब वाकला असता. आणि गिअरबॉक्स अर्धवट शाफ्टावर लोंबकळत ठेवलेला बघून तर त्यांनी कपाळाला हात लावला."

"मग?"

"सगळं परत खाली. भंगारातल्या एका गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट त्यांनी गोणपाटात गुंडाळून ठेवलाय, तो मागवला. प्रेशर प्लेट ढिली केली, तो शाफ्ट प्लेटमधून पायलट बेअरिंगपर्यंत घातला आणि तसाच ठेवून बोल्ट फिरून आवळले. प्लेट उलटी तर नाही ना, तेही बघितलं. हबची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडं लागते. तेवढी मात्र आमच्या पोरानं बरोबर घातली होती."

"हे सांगते हं उंब्रजला."

"सांगा सांगा. मग दातांना नखभर ग्रीस लावलं. जास्त झालं तर उडून लायनिंगवर बसतं. जॅकवर फळी, फळीवर गिअरबॉक्स. मिस्त्री नुसती फट बघत होते, वरची आणि खालची सारखी होईपर्यंत. गिअर टाकला आणि यांना सांगितलं, मागची फ्लँज हातानं हळूहळू फिरवा. दाते जुळले, आणि सर्रकन गेला की आत!"

"जोर कुणी लावला?"

"कुणीच नाही. म्हणून तर मंडळी हिरमुसली. बाह्या वर करून उभी होती सगळी."

"चहा केला असशील सगळ्यांना."

"भाऊजींनी दोनदा घेतला. त्यानंतर पेडल जुळवलं. दाबताना आधी थोडं मोकळं जायला हवं, नाहीतर रिलीज बेअरिंग कायम घासत राहतं. आणि मिस्त्रींनी बजावलंय, नवी प्लेट बसेपर्यंत थोडे दिवस पूर्ण लोड नको, घाट तर नकोच. आज पाटणला पेंडीची पोती आणायला पाठवलीय, तीही निम्मीच."

"कुणाला पाठवलं?"

"त्यालाच. पण फोन काढून घेतलाय. हा काय, सकाळपासून माझ्या कमरेला कोंबलेला. आणि काकू, सारखा वाजतोय हो. बघा, परत वाजला."

"कुणाचं नाव येतंय?"

"नाव नाही. नुसता गुलाबाचा फोटो."

"थांब, उचलू नकोस. चष्मा घेऊन आले मी."