नऊ ते पाचचा सूर्य

विजेवर मत नसलेला माणूस विरारमध्ये सापडणं कठीण. पाण्यावर मत असतं, शेअर रिक्षाच्या भाड्यावर असतं, तसं ते कोळशावर आणि सौरऊर्जेवरही असतं, आणि ते ऐकायला कुठल्या परिसंवादाला जावं लागत नाही. सकाळची चर्चगेट फास्ट पुरते. बिलं आली की दुसऱ्या दिवशी डब्यात विषय निघतोच. नालासोपाऱ्याला उरलीसुरली जागा भरेपर्यंत सौरऊर्जेचा जोर असतो, वसई रोडला कोळशाची बाजू घेणारे चढतात, आणि नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की इतका वेळ डोळे मिटून बसलेला एखादा गृहस्थ "तारापूर आहे की आपल्याकडे" असं म्हणून अणूला मध्ये आणतो. पुढे बोरिवलीला उतरणाऱ्यांची आणि न उतरणाऱ्यांची जी जुंपते, तिच्यापुढे कुठलंच ऊर्जाधोरण टिकत नाही.

ज्या गाडीत हे सगळं चालतं, ती विरारपर्यंत १९३६ पासून विजेवर धावते. हल्लीच्या गाड्या तर ब्रेक लावताना थोडीफार वीज तारेत परत ढकलतात. म्हणजे नेट मीटरिंगचं जे गणित सोसायटीच्या सभेत समजावताना सेक्रेटरीच्या घशाला कोरड पडते, ते विरार लोकल प्रत्येक स्टेशनावर करून दाखवते. दारात लोंबकळणाऱ्या एकाला मी ही माहिती उत्साहाने दिली. तो म्हणाला, "मग पास स्वस्त करा."

ऊर्जेच्या प्रश्नाकडे बघायची आमच्याकडची रीत ही अशी आहे. उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळतोय याबद्दल सगळ्यांना सहानुभूती आहे, पण बिलाचा कागद हातात आला की सहानुभूती लगेच घरी परतते. त्या कागदाचं गद्य एकदा निवांत वाचावं असं आहे. स्थिर आकार म्हणजे तुम्ही घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलात तरी द्यायचे पैसे. वहन आकार म्हणजे विजेचं गाडीभाडं. इंधन समायोजन आकार म्हणजे मागे कधीतरी कोळसा महाग पडला होता, त्याची आज आलेली आठवण. आणि या सगळ्यांवर सोळा टक्के वीज शुल्क. शंभर युनिटांच्या पुढे दर जवळपास दुपटीवर उडी मारतो, त्यामुळे महिनाअखेरीस मीटर नव्वदीत गेला की काही घरांत परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं वातावरण असतं. अशाच एका घरी मी जेवायला होतो. मिक्सरवर बंदी होती. चटणी खलबत्त्यात कुटली गेली आणि उत्तम झाली, पण तिचं श्रेय वीज नियामक आयोगाला द्यायला तिथे कुणी तयार नव्हतं.

विरारची जागाच अशी आहे, की विजेबद्दल भाबडं राहणं परवडत नाही. आमच्या पालघर जिल्ह्यात तारापूर आहे. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली आणि पुनर्वसनाचे कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. तारापूरच्या थोडं वर डहाणू. तिथे नव्वदच्या दशकात ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र उभं राहिलं, तेही १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलेल्या तालुक्यात. चिकूच्या बागायतदारांनी आणि तिथल्या पर्यावरणवाल्यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती शेवटपर्यंत त्या कामाला धरून राहिले. धुरातला गंधक शोषून घेणारी यंत्रणा त्या केंद्राला बसवावी लागली, ती या प्राधिकरणाच्या रेट्यामुळे. आणि ही वीज कुणासाठी? मुंबईच्या उपनगरांसाठी. तारा आमच्या तालुक्याच्या डोक्यावरून गेल्या आणि खाडीपलीकडे मीरा-भाईंदरपासून पुढे दिवे लागले.

इकडे आम्ही काय करत होतो? भारनियमन भोगत होतो. मुंबईला त्यातून सूट होती. खाडीच्या अलीकडे मात्र २००५ नंतरची काही वर्षं लोकांना दिवसाचे तास पाठ होते. लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढायचे आणि हॉलवाला तो भारनियमनाच्या वेळापत्रकाशी ताडून बघायचा. लाइट आली की अख्ख्या चाळीतून एकाच वेळी जो आवाज उठायचा, तो पुढे भारताने वर्ल्ड कप जिंकल्यावरच ऐकू आला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, बातम्यांनी आकाशपाताळ एक केलं. त्या दिवशी दादरच्या एका नातेवाइकाचा मला फोन आला. लाइट गेल्यावर नेमकं काय करतात, हे त्याला खरोखरच विचारायचं होतं.

तेव्हा अमुक ऊर्जा चांगली आणि तमुक वाईट, असं कुणी ठासून सांगायला लागलं की विरारकर आधी विचारतो, दिवा कुणाच्या घरात आणि धूर कुणाच्या? आमच्याही दिव्याचा धूर कुठेतरी आहेच. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. तिथल्या माणसाने खिडकीतली काळी पूड पुसताना विरारला चार शब्द सुनावले, तर मला तरी काही बोलता येणार नाही. आणि बिनधुराची वीजसुद्धा बिनभांडणाची कधीच नव्हती. मुळशीला टाटांचं धरण होणार होतं ते पाण्यापासून वीज करण्यासाठी. आजच्या भाषेत अगदी हरित, अक्षय वगैरे. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती आणि जमीन मावळच्या शेतकऱ्यांची जात होती. १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. धरण झालं ते झालंच. शंभर वर्षांनंतर आम्ही गच्चीवर दहा पॅनेल बसवताना तसलाच लढा देतो, फक्त आमच्यात सेनापती जास्त आणि सैनिक कमी.

त्या लढ्याकडे आता यावंच लागेल. आमची सोसायटी विरार पश्चिमेला, आगाशी रस्त्याच्या बाजूची. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. स्वतःच्या छपरावर तीन किलोवॅट बसवले तर ७८ हजारांपर्यंत अनुदान, आणि सोसायटीच्या लिफ्ट-पंपासारख्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. सेक्रेटरींनी विषय सभेपुढे आणला. सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. गणसंख्येअभावी ती रीतसर तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत, रीतसर पुन्हा सुरू झाली.

माणूस कोणत्या मजल्यावर राहतो हे कळलं की सौरऊर्जेबद्दलचं त्याचं मत विचारायची गरज उरत नाही, हे ज्ञान मला त्या सभेत झालं. तळमजल्यावरच्या दुकानदारांना लिफ्ट लागत नाही, म्हणून लिफ्टची वीज सूर्याची असो की कोळशाची, त्यांना पैसे द्यायचे नाहीत. मधल्या मजल्यांचा तत्त्वतः पाठिंबा. तत्त्वतः म्हणजे शिल्लक निधीतून होत असेल तर. सर्वात वरच्या मजल्याचा प्रश्न मात्र जिव्हाळ्याचा. पॅनेलच्या सावलीने छत तापायचं थांबेल, हा आनंद एका डोळ्यात, आणि पाय रोवायला स्लॅबला भोकं पाडली तर गळेल, ही भीती दुसऱ्या डोळ्यात. ज्या गावात पाऊस जूनमध्ये येतो आणि पापुद्रे सुटलेली भिंत दिवाळीपर्यंत सुकत नाही, तिथे गळती हा हवामानबदलाच्या वरचा विषय असतो. आमच्या गच्चीवर याच कारणासाठी आधीच पत्र्याची शेड आहे. मग पॅनेल पत्र्यावर की पत्रा काढून? पत्रा वाऱ्याला टिकेल? महापालिकेने शेडबद्दल विचारलं तर? इथे सेक्रेटरींनी विषय हळूच बदलला.

किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. दहा किलोवॅट म्हणजे हजार चौरस फूट. त्यात पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, बंद पडलेल्या डिशच्या छत्र्या, कुणाचा तरी कढीपत्ता. आगाशीच्या माहेरवाशीण असलेल्या एक मावशी उठल्या. त्यांना एवढंच हवं होतं की पापड आणि मिरच्या वाळवायच्या कुठे. लोक हसले, पण मला तो मुद्दा सभेतला सगळ्यात भक्कम वाटला. आमच्या भागाइतका सूर्य कुणी राबवलाय? आगाशीची सुकेळी उन्हावर होतात. अर्नाळ्याला बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळतात ते उन्हावर. वसईची मिठागरं उन्हावरच चालली. पिढ्यान्‌पिढ्या हा कारखाना विनाअनुदान सुरू आहे आणि त्याला मीटर नाही. मावशींच्या हक्काच्या उन्हावर आम्ही पॅनेल टाकून त्यांना वर देखभाल खर्च लावणार होतो.

कॉलेजातली एक मुलगी बोलली, तिचं बोलणं लांब होतं, पण तिने अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर समुद्राने पाडलेल्या सुरूच्या झाडांचा विषय काढला तेव्हा खुर्च्यांची करकर थांबली. ती झाडं सगळ्यांनी पाहिलेली होती. मग कुणीतरी विचारलं, कबुतरांचं काय करणार, आणि सभा पूर्वपदावर आली.

या सगळ्यात मीटरची भर पडली. आधी स्मार्ट प्रीपेड मीटरवरून राज्यभर गदारोळ झाला आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असं जाहीर केलं. पुढे टीओडी मीटर आले. म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली, हे टिपून ठेवणारे. हा तोच मीटर नाव बदलून आलाय की खरंच निराळा आहे, यावर आमच्या जिन्यात दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांशी फक्त सत्यनारायणाला बोलतात. जुलै २०२५ पासून महावितरणने अशा मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. कारण सरळ आहे. दिवसा सौरवीज भरपूर आणि स्वस्त असते, तेव्हा लोकांनी दिवसाच वापरावी. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

आता नऊ ते पाच विरारमध्ये कोण असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला हसू आवरणार नाही. सूर्याची आणि आमची ड्युटी एकच. तो ऐन जोरात असतो तेव्हा आम्ही चर्चगेटला दुसऱ्याच्या एसीत बसलेलो असतो. आम्ही दमूनभागून साडेआठला दार उघडतो तेव्हा त्याची पाळी संपलेली असते आणि आमचे पंखे, मिक्सर, मोटर, मुलांचे चार्जर सगळे एकदम सुरू होतात. त्या वेळी चंद्रपूरचा कोळसाच उपयोगी पडतो. डब्यातले सौरऊर्जेचे कट्टर समर्थकसुद्धा रात्री नऊला कोळशावरचीच पोळी खातात. साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होतील तेव्हा होतील. तोपर्यंत स्वस्त विजेचे खरे धनी म्हणजे फ्रिज आणि निवृत्त सासरे.

या सासऱ्यांना एकदम महत्त्व आलंय. आमच्या शेजारचे आजोबा पूर्वी दुपारी झोपायचे. आता सून निघताना मशीनमध्ये कपडे टाकून जाते आणि आजोबा बरोब्बर नऊला बटण दाबतात. नऊ वाजून दहा मिनिटांनी पाण्याची मोटर. अकराला इस्त्री. वाटण आता दुपारीच होतं आणि फ्रिजमध्ये जातं. मागच्या महिन्यात बिल चाळीस-पन्नास रुपयांनी उतरलं, तर आजोबांनी ते लॅमिनेट करायचं राहिलं होतं इतकंच. त्यांना कोळशाचं कौतुक, अणूवर विश्वास आणि सौरऊर्जा म्हणजे सरकारी फॅड असं त्यांचं स्पष्ट मत आहे, पण पाच वाजून दोन मिनिटांनी कुणी गिझरला हात लावला तर ते त्याला बदडायलाही कमी करणार नाहीत.

सभेत शेवटी ठराव झाला तो असा, की तीन ठिकाणची दरपत्रकं मागवावीत आणि मग पाहावं. सूचक, अनुमोदक, टाळ्या, चहा. पहिल्या दरपत्रकवाल्याचा माणूस गच्ची बघायला आला तो बुधवारी सकाळी अकरा वाजता. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी अंधेरीला. खजिनदार लोअर परळला. आजोबांनी त्याला पाणी दिलं, कोळशाचे फायदे समजावले आणि रविवारी यायला सांगितलं. तो म्हणाला, रविवारी आमच्याकडे साइट व्हिजिट होत नाही.